प्रेस्टन नॉर्थ एंड: जुन्या वैभवाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश फुटबॉलचा नाद आपल्याकडे बहुतेकांना मँचेस्टर, लिव्हरपूल नाहीतर लंडनच्या वाटेनं लागतो. त्यामुळे गप्पांत कुणी प्रेस्टनचं नाव काढलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ते दरवेळी नव्यानं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही माणसांबद्दल लिहायला घेतलं की हात आखडता घेता येत नाही.

हा क्लब आहे तरी कुठला?

इंग्लंडच्या वायव्येला लँकेशायर परगणा आहे. त्यातलं प्रेस्टन हे रिबल नदीकाठचं जुनं गिरण्यांचं गाव. कापूस कातायच्या यंत्राला पाण्यावर पळवणारा रिचर्ड आर्कराइट इथलाच, १७३२ चा जन्म. गावाला 'शहर' हा अधिकृत दर्जा मिळाला तो थेट २००२ मध्ये. पण फुटबॉलच्या नकाशावर प्रेस्टन त्याच्या शंभर वर्षं आधीच ठळक झालं होतं. जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली आणि तिचं पहिलं विजेतेपद याच क्लबनं पटकावलं.

'नॉर्थ एंड' हे काय नाव झालं?

गावाच्या उत्तर टोकाला खेळणारे, म्हणून नॉर्थ एंड. आपल्याकडे 'वरची आळी' म्हणावं तसं. मुळात हा क्रिकेटचा क्लब, १८६३ च्या सुमाराचा. १८७५ मध्ये त्यांनी डीपडेलची जागा भाड्यानं घेतली, मग थोडे दिवस रग्बी खेळून पाहिलं, आणि ५ ऑक्टोबर १८७८ ला फुटबॉलचा पहिला सामना खेळले. ईगली नावाच्या संघाविरुद्ध ०-१ असे हरले. १८८० मध्ये बाकीचं सगळं सोडून फुटबॉलच धरायचं ठरलं. मैदान मात्र बदललं नाही. आजही क्लब डीपडेललाच खेळतो.

पहिल्या लीगची एवढी महती का?

सप्टेंबर १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. त्याआधी सामने व्हायचे ते चषकाचे नाहीतर मैत्रीचे. वेळापत्रकाचा पत्ता नसे, प्रतिस्पर्धी संघ ऐन वेळी फिरकलाच नाही असंही व्हायचं. ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅग्रेगर यांनी ठरावीक सामन्यांची कल्पना मांडली आणि खेळाला पहिल्यांदा घडी बसली. ८ सप्टेंबरला प्रेस्टननं डीपडेलवर बर्नलीला ५-२ नं हरवलं आणि मग मोसमभर हरणं असं झालंच नाही. २२ सामने, १८ विजय, ४ बरोबऱ्या. ७४ गोल केले, १५ खाल्ले. विजयाला दोन गुण मिळायचे त्या काळात ४० गुण झाले. दुसऱ्या क्रमांकावरचा व्हिला २९ वर थांबला.

एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा (एफए) बादफेरीचा चषक. त्यातली कामगिरी तर त्याहून अचाट. पाच सामने, ११ गोल, आणि स्वतःवर एकही नाही. ३० मार्च १८८९ ला लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर वुल्व्ह्सला ३-० नं नमवून चषक घेतला. लीग आणि कप एकाच मोसमात जिंकणारा हा पहिला संघ. पुढच्या वर्षी पुन्हा लीग जिंकली, त्यानंतर सलग तीन वर्षं दुसरा क्रमांक.

गंमत अशी की त्याच्या आदल्या वर्षी, १८८८ च्या अंतिम सामन्यात, याच संघाचं नाक कापलं गेलं होतं. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनशी गाठ होती. जिंकणार याबद्दल प्रेस्टनकर इतके निश्चिंत की, सांगतात, सामन्याआधीच चषकासोबत फोटो काढू द्या म्हणाले. सामन्यानंतर कपडे चिखलात माखतील ना. पंच मेजर मॅरिंडिन यांनी 'आधी जिंका तर खरं' अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. प्रेस्टन १-२ नं हरलं. गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, सव्वाशेहून जास्त वर्षं टिकली ती हरलेल्यांनीच हसत हसत सांगितली म्हणून.

'इन्व्हिन्सिबल्स' म्हणजे आर्सेनल ना?

आर्सेनलचाही मान आहेच. २००३-०४ मध्ये ३८ सामन्यांत २६ विजय, १२ बरोबऱ्या, पराभव शून्य. आजच्या काळात ते जास्त अवघड, हे मीही मान्य करतो. पण त्या मोसमात आर्सेनल एफए कपाच्या उपांत्य फेरीत हरलं आणि चॅम्पियन्स लीगमध्ये चेल्सीकडून बाद झालं. एकाच मोसमात लीग आणि कप दोन्हींत एकदाही न हरलेला इंग्लिश विजेता संघ आजवर एकच, प्रेस्टनचा. 'अजिंक्य' ही उपाधी आर्सेनलच्या ११५ वर्षं आधी या लोकांना लागली होती.

या संघात होते कोण? सगळे स्थानिक?

अर्धाअधिक संघ स्कॉटलंडहून आणलेला. बचावात डेव्हिड रसेल, जॉनी ग्रॅहम आणि जॉर्ज ड्रमंड. पुढे जॅक गॉर्डन आणि जिमी रॉस. जॉन गुडॉलचे आईवडील स्कॉटिश आणि त्याचं बालपण किल्मारनॉकमधलं, पण जन्म लंडनचा, म्हणून तो इंग्लंडकडून खेळला आणि पहिल्या लीगमध्ये सर्वाधिक गोल त्यानंच केले. फ्रेड ड्यूहर्स्ट गावातला शाळामास्तर. कपाच्या सामन्यांत गोल राखायला वेल्सचा रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्स असायचा, पेशानं डॉक्टर. लीगमध्ये ते काम जेम्स ट्रेनरकडे, तोही वेल्सचाच.

एक चटका लावणारं नाव राहतं: जिमीचा थोरला भाऊ निक रॉस. हा संघ उभा करण्यात त्याचा मोठा वाटा, पण नेमक्या त्या सोन्याच्या मोसमात तो एव्हर्टनकडे गेला होता. दुसऱ्या वर्षी परतला, आणि १८९४ मध्ये क्षयानं गेला. वय जेमतेम तिशी ओलांडलेलं.

पैसे देऊन खेळाडू आणणं तेव्हा चालत होतं?

चालत नव्हतं, आणि खरा किस्सा इथेच आहे. क्लबचा सर्वेसर्वा होता विल्यम सडेल, एका कापड गिरणीचा व्यवस्थापक. 'मेजर' ही पदवी स्वयंसेवक पलटणीतली. स्कॉटलंडच्या चांगल्या खेळाडूंना तो प्रेस्टनला आणायचा, कागदोपत्री नोकरी लावून द्यायचा आणि खेळण्याचे पैसे गुपचूप द्यायचा. असं करणारे उत्तरेत पुष्कळ होते, कबूल कुणी करत नसे.

जानेवारी १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क क्लबशी कपाचा सामना बरोबरीत सुटला आणि पाहुण्यांनी तक्रार ठोकली. सडेलनं सरळ सांगून टाकलं, होय, देतो पैसे, आणि बाकीचेही देतात. प्रेस्टन स्पर्धेतून बाद. मग उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढायची धमकी दिली, आणि जुलै १८८५ मध्ये एफएला व्यावसायिक खेळाडू मान्य करावे लागले. गिरणीत आठवडाभर राबणाऱ्याला सराव आणि प्रवासासाठी मजुरी बुडवणं परवडत नाही, हे लंडनच्या सुखवस्तू मंडळींना तोवर उमगलंच नव्हतं. आज कोट्यवधी पौंड घेणारे खेळाडू ज्या दारातून आत आले, ते दार सडेलनं लाथ मारून उघडलं.

मग सडेलचा पुतळा कुठे आहे?

इथे जरा अडचण आहे. १८९५ मध्ये उघड झालं की क्लबवर उधळलेल्या पैशांतला बराच भाग गिरणीच्या तिजोरीतला होता. अफरातफर पाच हजार पौंडांच्या वर. तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर तो दक्षिण आफ्रिकेला गेला, तिथे वृत्तपत्रात काम केलं आणि १९११ मध्ये केपटाउनला वारला. तो पैसा त्यानं स्वतःच्या चैनीवर उडवला नाही, असं त्याची बाजू घेणारे म्हणतात. खरं असेल, पण गिरणीमालकाला त्याचं काय? तरीही अजिंक्य संघाचा इतिहास सांगताना त्याचं नाव गाळता येत नाही, आणि चांगली गोष्ट म्हणजे प्रेस्टनकर गाळत नाहीत.

२६-० हा स्कोअर खरा की छापण्याची चूक?

खरा. १५ ऑक्टोबर १८८७, एफए कप, समोर हाइड. आजपर्यंत त्या स्पर्धेत एवढा मोठा विजय कुणाचाच नाही. बिचाऱ्या हाइडचं नाव इतिहासात राहिलं ते असं.

आर्थर व्हार्टन प्रेस्टनचा कसा?

आर्थर व्हार्टनचा जन्म १८६५ चा, आताच्या घानामधल्या आक्रा इथला. शिकायला इंग्लंडला आला आणि १८८६ मध्ये शंभर यार्ड दहा सेकंदांत धावून त्यानं जागतिक विक्रम केला. त्याच मोसमात तो प्रेस्टनचा गोलरक्षक होता आणि संघ कपाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. अजिंक्य मोसमाच्या आधीच तो क्लब सोडून गेला, म्हणून अजिंक्य संघाच्या प्रसिद्ध छायाचित्रात तो दिसत नाही. १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनशी करार करून तो जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू ठरला. शेवटची वर्षं कोळसा खाणीत गेली. १९३० मध्ये मरण आलं तेव्हा थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला १९९७ मध्ये, सदुसष्ट वर्षांनी.

चष्मा लावून खेळणारा गोलरक्षक होता म्हणे?

होता. जेम्स मिचेल. १९२२ च्या अंतिम सामन्यात हडर्सफील्डविरुद्ध तो चष्मा लावून उभा राहिला. एफए कपाच्या अंतिम सामन्यात असं दुसऱ्या कुणी केलेलं नाही. पेनल्टी मिळाली तेव्हा मारणाऱ्याचं लक्ष विचलित व्हावं म्हणून मिचेल गोलरेषेवर इकडून तिकडे उड्या मारू लागला. बिली स्मिथनं तरीही गोल केला आणि त्या एका गोलावर प्रेस्टन हरलं. पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकानं रेषेवर स्थिर उभं राहावं असा नियम १९२९ मध्ये आला. प्रेस्टनमध्ये त्याचं श्रेय मिचेललाच देतात.

कॉमेंटेटरनं टोपी खाल्ली तो हाच सामना का?

नाही, तो १९३८ चा. समोर पुन्हा हडर्सफील्डच! त्याच्या आदल्या वर्षी प्रेस्टन अंतिम सामन्यात संडरलँडकडून १-३ असं हरलं होतं, त्यामुळे जखम ताजी होती. ३० एप्रिल १९३८, वेम्बली. बीबीसीनं अख्खा दाखवलेला हा पहिला अंतिम सामना. नव्वद मिनिटं गोलशून्य, जादा वेळही संपत आलेला. कॉमेंटेटर थॉमस वुडरूफ कंटाळून बोलून गेले की आता गोल झाला तर मी माझी टोपी खाईन. लगेच प्रेस्टनला पेनल्टी मिळाली. जॉर्ज मचनं मारलेला चेंडू आडव्या दांड्याला थडकून आत गेला. वुडरूफ शब्दाला जागले, नंतर टीव्हीवर त्यांनी टोपी खाल्ली, मात्र केकची. सोळा वर्षांपूर्वी याच प्रतिस्पर्ध्यानं पेनल्टीवर घेतलेला कप पेनल्टीवरच वसूल झाला. त्यानंतर आजतागायत प्रेस्टननं एफए कप जिंकलेला नाही.

बिल शँक्ली लिव्हरपूलचा ना? मग प्रेस्टनच्या स्टँडला त्याचं नाव कसं?

मॅनेजर म्हणून लिव्हरपूलचा, खेळाडू म्हणून प्रेस्टनचा. ग्लेनबक या स्कॉटलंडमधल्या खाणकामगारांच्या वस्तीत जन्मलेला शँक्ली १९३३ मध्ये कार्लाइलहून ५०० पौंडांत आला आणि १९४९ पर्यंत राहिला. १९३८ च्या विजेत्या संघात तो हाफबॅक होता. तो गेला आणि त्याच्या जागी टॉमी डॉकर्टी आला, तेव्हा शँक्लीनं त्याला म्हटलं म्हणे, 'चार नंबरची जर्सी फक्त अंगात घाल, कुठे पळायचं ते तिला ठाऊक आहे.' लिव्हरपूलला पुढे जे दिसलं ते या गावात आधी सोळा वर्षं दिसलेलं होतं. हा युक्तिवाद लिव्हरपूलच्या चाहत्यांपुढे करू नका, वेळ फुकट जातो.

टॉम फिनीबद्दल एवढा भक्तिभाव का?

आता जरा बसून वाचा.

फिनीचा जन्म ५ एप्रिल १९२२ चा, डीपडेल मैदानाच्या शेजारच्याच वस्तीत. क्लबनं पोरसवदा वयातच त्याला हेरलं. वडिलांनी मात्र अट घातली: आधी प्लंबिंगचं काम पुरं शिकायचं, फुटबॉल नंतर. त्यानं ऐकलं, आणि आयुष्यभर हात राखून ठेवला. इंग्लंडचा खेळाडू झाल्यावरही तो नळ जोडायला जायचा, म्हणून त्याचं टोपणनावच 'प्रेस्टनचा प्लंबर'. मूळचा डावखुरा पायाचा, पण खेळायचा उजव्या बगलेवर; गरज पडली तर डाव्या बगलेवर, आणि उतारवयात सेंटर फॉरवर्ड म्हणूनही.

युद्धानं त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. १९४१ चा युद्धकालीन चषक प्रेस्टननं आर्सेनलला हरवून जिंकला, त्यात तो होता. मग रणगाडा दळातून इजिप्त आणि इटलीला. लीगमधलं पदार्पण झालं तेव्हा १९४६ साल उजाडलं होतं, वय चोवीस. पुढच्या चौदा वर्षांत लीगचे ४३३ सामने आणि १८७ गोल. इंग्लंडकडून ७६ सामने, ३० गोल. १९५४ आणि १९५७ अशी दोनदा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवड झाली; दोनदा हा मान मिळवणारा तो पहिलाच. एवढ्या कारकिर्दीत पंचांनी त्याचं नाव एकदाही वहीत लिहिलं नाही.

त्याच्या काळातला दुसरा महान विंगर स्टॅन्ली मॅथ्यूज, शेजारच्याच ब्लॅकपूलचा. प्रेस्टन आणि ब्लॅकपूल एकमेकांना पाण्यात पाहतात, त्यामुळे 'मोठा कोण' हा वाद दोन्ही गावांत घरोघरी चालायचा. इंग्लंडनं शहाणपणानं दोघांना दोन बगलांवर खेळवलं आणि १९४७ मध्ये लिस्बनला पोर्तुगालचा १०-० असा फडशा पाडला. शँक्लीला विचाराल तर वादाला जागाच नव्हती. फिनी ओव्हरकोट घालून खेळला असता तरी कुठल्याही काळात महानच ठरला असता, असं तो सांगत फिरायचा.

इटलीच्या क्लबनं त्याला मागणी घातली होती हे खरं?

१९५२ ची गोष्ट. इंग्लंडचा संघ इटलीत गेला असताना पालेर्मोच्या अध्यक्षांनी, जे खरोखरचे राजपुत्र होते, फिनीपुढे प्रस्ताव ठेवला. करारावर सही केली की १०,००० पौंड, वर महिना १३० पौंड, बंगला, गाडी. त्या वेळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कायद्यासारखी कमाल मर्यादा होती: आठवड्याला १४ पौंड. फिनीला ती मिळत होती, तुमच्या-आमच्या भाषेत सांगायचं तर एका सहीला तेरा-चौदा वर्षांचा पगार समोर ठेवला होता.

प्रेस्टनच्या अध्यक्षांनी साफ नकार दिला. खेळायचं तर आमच्याकडून, नाहीतर कुणाकडूनच नाही, असा एकूण सूर. नोंदणी क्लबच्या हातात असल्यानं फिनीला दुसरा मार्गच नव्हता. त्यानं आदळआपट केली नाही, परत येऊन खेळला. हे सांगताना 'निष्ठावान फिनी' अशी आरती ओवाळण्याची पद्धत आहे. मला ती अर्धवट वाटते. निष्ठा होतीच, पण पायात बेडीही होती, आणि पगाराची ती मर्यादा १९६१ च्या जानेवारीत उठेपर्यंत फिनी निवृत्त झालेला होता.

एवढा मोठा खेळाडू, मग पदकं किती?

दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद, १९५१ चं. आणि तो युद्धातला चषक. बस्स. १९५३ मध्ये लीग हातातोंडाशी आली होती. आर्सेनल आणि प्रेस्टन दोघांचे गुण ५४. तेव्हा गोलफरक नव्हे, गोलांची सरासरी काढायचे, म्हणजे केलेले भागिले खाल्लेले. त्यात प्रेस्टन एक-दशांशापेक्षाही कमी फरकानं मागे पडलं. १९५४ च्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविचकडून २-३ नं हार, फिनीचा दिवस नव्हता. १९५८ मध्ये पुन्हा दुसरा क्रमांक. १९६० मध्ये तो थांबला आणि पुढच्याच वर्षी क्लब पहिल्या श्रेणीतून घसरला. तेव्हापासून प्रेस्टन सर्वोच्च श्रेणीत परतलेलं नाही. एक माणूस गेला आणि छप्पर कोसळलं म्हणतात ते याला.

त्यानंतरही एक भन्नाट प्रसंग आहे. १९६३ मध्ये, एक्केचाळीसाव्या वर्षी, उत्तर आयर्लंडच्या डिस्टिलरी क्लबनं त्याला युरोपियन कपासाठी उतरवलं. समोर बेन्फिका. सामना ३-३.

स्टेडियमबाहेर पाण्यातला पुतळा कशाचा?

त्याचं नाव 'द स्प्लॅश'. १९५६ मध्ये चेल्सीच्या मैदानावर पावसानं तळं साचलं होतं. त्यातून चेंडू नेताना फिनी घसरला आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उडाले. तो क्षण एका छायाचित्रकारानं टिपला आणि ते त्या वर्षीचं सर्वोत्तम क्रीडा छायाचित्र ठरलं. शिल्पकार पीटर हॉजकिन्सन यांनी त्यावरून पुतळा घडवला, २००४ मध्ये तो बसला, आणि त्याभोवती खरंखुरं कारंजं उडतं. चषक उंचावलेला वीर आपण नेहमी पाहतो. इथे चिखलपाण्यात पडता पडता चेंडू न सोडणारा माणूस आहे, तेही प्लंबर! १४ फेब्रुवारी २०१४ ला फिनी गेला तेव्हा लोकांनी हार आणि मफलर आणून ठेवले ते याच पुतळ्यापाशी.

प्रेस्टनच्या बायकांच्या संघाबद्दल ऐकलं होतं. तो याच क्लबचा का?

क्लबचा नव्हे, गावाचा. 'डिक, कर' नावाचा ट्रॅमगाड्यांचा कारखाना होता, पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा बनू लागला. पुरुष आघाडीवर, कारखान्यात मुली. जेवणाच्या सुट्टीत त्या अंगणात चेंडू खेळायच्या. १९१७ च्या नाताळात त्यांनी डीपडेलवर जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी सामना खेळला, दहा हजार लोक आले, ४-० नं जिंकल्या. १९२० च्या डिसेंबरात डीपडेलवरच रात्रीचा सामना झाला. विमानविरोधी तोफांचे सर्चलाइट लावले, चेंडूला चुना फासला. त्याच महिन्यात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांना बघायला ५३,००० माणसं आली.

वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, एफएनं फर्मान काढलं: हा खेळ बायकांना योग्य नाही, संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. जवळजवळ पन्नास वर्षं ती बंदी टिकली. या पोरी थांबल्या नाहीत. अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळल्या, आणि संघ १९६५ पर्यंत चालला. त्यांची सर्वांत गाजलेली खेळाडू लिली पार, उंच, डाव्या पायाची, सिगारेट ओढणारी, खेळासोबत मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करणारी. डीपडेलला या संघाचं ग्रॅनाइटचं स्मारक २०१७ मध्ये लागलं, पहिल्या सामन्याला शंभर वर्षं झाली तेव्हा. उशीर झाला, असं म्हणायलाही संकोच वाटावा इतका उशीर.

१९६० नंतर सांगण्यासारखं काही आहे की नाही?

आहे, पण चढणीपेक्षा उतरण जास्त. १९६४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत असूनही अंतिम सामना गाठला आणि वेस्ट हॅमकडून २-३ नं हरले. त्या संघातला हॉवर्ड केंडल अठरा वर्षांचाही नव्हता. गोलरक्षक होता डब्लिनचा ॲलन केली, लीगचे ४४७ सामने, क्लबचा विक्रम. त्याचे दोन्ही मुलगे गोलरक्षकच झाले.

१९८६ हा तळ. चार श्रेणींत मिळून ९२ क्लब, त्यात प्रेस्टन ९१ वं. पहिल्या विजेत्यांना लीगमध्ये राहू द्या म्हणून मतांसाठी विनवावं लागलं. त्याच वर्षी डीपडेलवर प्लास्टिकचं गवत अंथरलं, १९९४ मध्ये उखडलं. इंग्लिश लीगमधलं तसलं ते शेवटचं मैदान. मग डेव्हिड मॉइजच्या हाताखाली २००० मध्ये बढती. प्ले-ऑफ, म्हणजे बढतीसाठी मोसमाच्या शेवटी होणारे बादफेरीचे सामने, मात्र क्लबला लाभायचेच नाहीत, दरवेळी कुठेतरी माशी शिंकायची. तो शाप उतरला २०१५ मध्ये वेम्बलीवर: स्विंडनविरुद्ध ४-०, जर्मेन बेकफर्डचे तीन गोल.

बॉबी चार्लटन आणि बेकहॅम इथे खेळले होते?

दोघंही. चार्लटन १९७३ मध्ये मॅनेजर म्हणून आला, नंतर स्वतःही मैदानात उतरला, पण मॅनेजरपद त्याला मानवलं नाही. बेकहॅम १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून उसना आला, पाच सामने खेळला. पहिल्याच सामन्यात कॉर्नरवरून थेट गोल मारला. तेवढ्यावरून त्याला 'आमचा' म्हणणारे भेटतील. त्यांना भाव देऊ नये.

चाहते बोलर हॅट घालून सामन्याला का जातात?

हा 'जेंट्री डे'. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲलन बॉल सीनियर मॅनेजर होते, १९६६ चा विश्वचषक जिंकलेल्या ॲलन बॉलचे वडील. प्रेस्टनच्या चाहत्यांना ते कौतुकानं 'जेंट्री' म्हणायचे. आपल्या भाषेत 'सरदार मंडळी' म्हणा. त्या आठवणीत मोसमाच्या अखेरीकडे बाहेरगावचा एक सामना निवडतात आणि हजारो लोक काळ्या बोलर हॅट घालून, सूटबूट करून जातात. हातात फोटो असतात. जुन्या खेळाडूंचे असतातच, पण जास्त करून घरातल्या माणसांचे. ज्यांनी पहिल्यांदा बोट धरून डीपडेलला नेलं ते वडील, आजोबा, शेजारचे काका. फिनीच्या बरोबरीनं त्यांचेही फोटो उंचावले जातात. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतात तशातलीच ही गोष्ट आहे, फक्त ढोलाच्या तालावर आणि बिअर पिऊन.

बोधचिन्हावर कोकरू आणि 'पीपी' कशासाठी?

कोकरू गावाचा पालक संत विल्फ्रिडचं. दोन 'पी' म्हणजे लॅटिनमध्ये 'शांतीचा राजा'. गावकऱ्यांच्या मते 'प्राउड प्रेस्टन'. दुसरा अर्थ जास्त चालतो.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. मग वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून तिकडे जाऊ लागला. हिंगणघाट, अमरावती, खामगावच्या बाजारांना सोन्याचे दिवस आले, मुंबईत शेअरबाजाराचं वेड उसळलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच फुटलं. लँकेशायरचे कामगार मात्र आपल्या कापसावर खूश नव्हते. आखूड धाग्याचा, कचरा जास्त, सारखा तुटणारा. सगळ्या हिंदी कापसाला ते सरसकट 'सुरत' म्हणायचे आणि शिव्या घालायचे. त्या दुष्काळात बेकार झालेल्या प्रेस्टनच्या कामगारांना गावात बागा उभारायचं काम दिलं गेलं. त्यातली मूर पार्क डीपडेलच्या अगदी लगत आहे. नॉर्थ एंड क्लब जन्मला तोही त्याच वर्षांत.

सामना शनिवारी दुपारी तीनला का, याचंही मूळ गिरणीतच. १८५० च्या कारखाना कायद्यानं शनिवारी दोनला भोंगा वाजू लागला. भोंगा, सुट्टी, आंघोळ, मैदान. परळ-लालबागमध्ये वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

डीपडेल पाहायचं असेल तर?

मँचेस्टरहून रेल्वेनं तासाभराच्या आत प्रेस्टन येतं. स्टेशनपासून मैदान चालत अर्ध्या तासाच्या थोडं वर. शेवटचा रस्ता सर टॉम फिनी वे. चार बाजूंच्या स्टँडना नावं आहेत फिनी, शँक्ली, केली आणि अजिंक्य संघाची. फिनी आणि शँक्लीचे चेहरे तर खुर्च्यांच्या रंगांतून उमटवले आहेत, त्यामुळे स्टँड रिकामा असताना ते जास्त स्पष्ट दिसतात. राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय २००१ ते २०१० इथेच होतं, २०१२ पासून ते मँचेस्टरला आहे. ते गेल्याचा राग गावात अजून आहे, विषय काढायचा तर बेतानं काढा.

खायला बटर पाय घ्या. बटाटा, कांदा आणि भरपूर लोणी. शुक्रवारी मांस वर्ज्य मानणाऱ्या कॅथलिक कुटुंबांचा हा पदार्थ, म्हणून शाकाहारी माणसाची सोय होते. वरच्या पारीत चरबी घातली आहे का, एवढं मात्र काउंटरवर विचारून घ्या.